वाहनमुक्त रस्ता

नदीकाठच्या अभयारण्यातला हा रस्ता आता वाहनमुक्त आहे. आम्ही शहरातून गाडीवर सायकली लादून येतो, गाडी फाटकाबाहेर लावतो आणि शुद्ध हवेत पॅडल मारतो. आज फाटकावर गावातल्या दूधवाल्याची सायकल अडवली होती. तिच्या दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकत होते.

"धंद्याच्या सायकलींना बंदी आहे, काका. हायवेनं जा," रखवालदार म्हणाला.

"अरे, जन्म गेला माझा ह्या रस्त्यानं!"

"बाजूला व्हा, साहेबांना जाऊ द्या."

साहेब म्हणजे मी. मी गेलोही. पाण्यावर बगळे होते, कमालीची शांतता होती. लांब हायवेवर ट्रकचे हॉर्न वाजत होते. काका त्यांतच कुठेतरी असणार. वळणावर सवयीनं घंटी वाजवली. बाजूला व्हायला पुढे कुणी उरलंच नव्हतं.