कोरड्या नळाचा आवाज

"या बाईंचं बोलणं कापा," साहेब म्हणाले. साहेब म्हणजे आमच्या सरकारी रेडिओचे नांदेडचे केंद्रप्रमुख. "गावात पाणी पोचल्याची बातमी आपणच दिली. आता आपणच नाही म्हणायचं?"

रेकॉर्डिंगमध्ये कंधारकडच्या एका गावातल्या गयाबाई बोलत होत्या. "नळ बसला, हार घातला, फोटो काढला. पाणी काई आलंच न्हाई, ताई. तुमचा रेडिओ मात्र आलं म्हणून राहिला."

"सर, आपण खोटे पडू म्हणून त्यांना गप्प करायचं? रेडिओ लोकांचा आहे ना?" मी विचारलं. मुलाखत मीच घेतली होती.

"लोकांचाच आहे. वरून आलेला फोन मात्र मला घ्यावा लागतो."

मला भयंकर राग आला. तो गिळून स्टुडिओत जाऊन बसले. दुपारी तिथं गुंगी येते. बाहेरची रिक्षासुद्धा ऐकू येत नाही. हेडफोन लावून डोळे मिटले, की माणूस अलगद रेकॉर्डिंगच्या गावी पोचतो.

बाईंचं बोलणं काढलं. कार्यक्रमात भगदाड पडलं. रेडिओवर शांतता चालत नाही, म्हणून अशा जागी ॲम्बियन्स लावतात. म्हणजे मुलाखत झाली की सगळ्यांना गप्प बसवून त्या जागेचा नुसता आवाज टिपून ठेवायचा. कापाकापीवर ठिगळ म्हणून तो कामी येतो.

मी तो लावला. लिंबाची सळसळ, लांब कुठंतरी शेळी. गयाबाई गप्प बसल्या होत्या खऱ्या, पण हात स्वस्थ बसेना. त्यांनी नळ सोडला होता. नुसती हवा. मग खरखर, पुन्हा हवा. मी कितीतरी वेळ त्या अंगणातच होते. साहेबांनी बाई कापायला सांगितली होती, नळ नव्हे. सगळा आवाज तसाच ठेवला.

कार्यक्रम लागला आणि फोन सुरू झाले. माहूरहून एक आजोबा म्हणाले, "हा आमच्याच गल्लीतला नळ हाय." शेजारच्या जिल्ह्यातल्या अहमदपूरच्या बाईंनी विचारलं, "म्याडम, आमचा नळ कवा रेकॉर्ड केला?" शेवटी पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरांचा फोन आला. साहेबांनीच घेतला.

"गाव कोणतं ते जाहीर करा," इंजिनिअर वैतागले होते. "सगळीकडून मलाच विचारून राहिलेत."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "गाव सांगून टाका."

"ते गयाबाईच सांगतात, सर. कापलेल्या भागात."

साहेबांनी हेडफोन घेऊन तो भाग ऐकला. मग म्हणाले, "लावा."

दुसऱ्या दिवशी गयाबाई पूर्ण वाजल्या, त्यांच्यामागून इंजिनिअरांचं उत्तरही. पुढं पाणी आलं, एक दिवसाआड, बारीक धार. साहेब आता कापायला सांगण्याआधी शेवटपर्यंत ऐकतात. बाई बोलत होती तोवर तक्रार एका गावाची होती. तिला गप्प केलं आणि ती दोन जिल्ह्यांची झाली.