कडुनिंबाचा पेला

नातीनं मिक्सरमध्ये कडुनिंबाचा पाला फिरवला आणि तो हिरवा, कडू वास घरभर पसरला. माझं डोकंच फिरलं. साठ-एकसष्ट सालचं नेर गावातलं आमचं स्वयंपाकघर पुढ्यात उभं राहिलं.

मी सोळा वर्षांची, तोंडभर मुरूम. मला पाहायला पाहुणे येणार म्हणून आईनं माझा गूळ, शेंगदाणे, तळलेलं, सगळं बंद केलेलं. रोज सकाळी कडुनिंबाचा रस. थोरल्या भावाला माझ्याहून जास्त मुरूम. त्याच्या हातात मात्र तिनं शेंगदाण्याचा लाडू ठेवला.

"त्याले काहून पथ्य नाही?" मी ओरडले.

"त्याले कोण पाह्याले येऊन राह्यलं?"

मी पेला चुलीत ओतला. राख उडून आईच्या लुगड्यावर बसली. पाहुण्यांनी मुरमांसकट मला पसंत केलं, तरी तो राग गेला नाही.

"कोणासाठी पितेस हे?" मी नातीवर खेकसले.

ती दचकली. "कोणासाठी नाही गं आजी. मुरूम दुखतात."

माझेही दुखायचे. उशीला गाल टेकववत नसे. सगळं घर रोज माझं तोंड न्याहाळायचं. दुखतं का, हे एकानंही विचारलं नाही.