कोवळं रक्त

मी रामनगरात रक्त तपासायची तेव्हा गुंद गावाहून एक बाई दर आठवड्याला यायच्या. त्यांचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. गर्भाशयातल्या गाठींमुळे त्यांचं रक्त इतकं जायचं की ऑपरेशन करायला डॉक्टर धजत नव्हते. "आधी रक्त वाढू दे," म्हणून त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. गोळीने पोटात ढवळायचं, तरी माझ्यासमोर ती गिळून, पदराने तोंड पुसून बाई बोट पुढे करायच्या.

पहिल्याच खेपेला त्यांनी विचारलं, "रक्त तयार कुठं होतंय, बाई?"

"हाडांच्या आतल्या मज्जेत," मी म्हटलं. "तिथं पेशी लोह घेऊन लाल होते, मधलं बी, म्हणजे केंद्रक, टाकून देते आणि मग रक्तात उतरते. आठवडाभर लागतो."

त्यांनी कमरेच्या हाडावर थाप मारली. "हाडं दणकट हायत माजी. व्हतंय."

पुढच्या आठवड्यात मी त्यांना सूक्ष्मदर्शकातून त्यांचंच रक्त दाखवलं. निळसर जाळीच्या कोवळ्या पेशी भरपूर दिसत होत्या.

"ह्या नव्या?"

"व्हय अक्का, कालपरवाच हाडातून बाहेर पडलेल्या."

त्या बराच वेळ डोळा लावून बघत राहिल्या.

तीन महिन्यांनी, रक्त पुरेसं वाढल्यावर, बेळगावला ऑपरेशनसाठी निघताना त्या माझ्या दारात थांबल्या. "रक्त करायचं काम मी केलं. आता गाठी काढायचं काम डाक्टरांचं."

डॉक्टरांनी ते चोख केलं. पण मला विचाराल तर अर्धं ऑपरेशन गुंदमध्येच झालं होतं.