सरांचा पियानो संथ का वाजायचा

"तुमचं मशीन पळतं डॉक्टर, पियानो नाही," प्राचार्य म्हणाले.

प्राचार्यांकडे होती तीच रेकॉर्ड डॉक्टरांकडेही होती. पियानो कन्चेर्टो. म्हणजे एकीकडे एकटा पियानो, दुसरीकडे साठ-सत्तर वादकांचा ताफा, आणि दोघांचे सवालजवाब. डॉक्टरांच्या मते पियानोवाला चपळ. प्राचार्यांच्या मते धीरगंभीर. त्या संथपणावर त्यांनी कॉलेजात व्याख्यानसुद्धा दिलं होतं.

मी तेव्हा, म्हणजे ७३-७४ साली, हिंगोलीतल्या एका रेडिओच्या दुकानात मेकॅनिक. प्राचार्यांच्या रेकॉर्ड प्लेयरची घरघर काढायला गेलो, तेव्हा त्यांच्या घरी दोघांचा हा वाद चालला होता. कॉलेजात लॅब असिस्टंटची जागा निघणार होती आणि प्राचार्य मला "बघू" म्हणाले होते. म्हणून मालकांनी बजावलं होतं, "तिथं तोंड चालवू नको. सायबाला बरं वाटंल तेच बोल."

फिरती चकती उचलली. खाली तिला मोटरची गती देणारं रबरी चाक असतं. ते तेलाने माखलेलं. हे चाक कोरडं असेल तरच धरतं. तेल लागलं की घसरतं, रेकॉर्ड हळू फिरते आणि सूरही उतरतो.

"सर, याला तेल कुणी घातलं?"

"मीच. दसऱ्याला पूजा करून घालतो. दरवर्षी."

तिथेच गप्प बसायला हवं होतं. जीभ आवरली नाही.

"डॉक्टरसाहेब बराबर म्हणून राहिले सर. पियानोवाला संथ न्हाई, चाक घसरून राहिलं."

स्पिरिटने चाक पुसलं, रेकॉर्ड लावली. पियानो खणखणीत. डॉक्टर मांडीवर थाप मारून हसले, "घ्या तुमचा धीरगंभीर!"

ते गेल्यावर प्राचार्य म्हणाले, "तुमच्याकडं हलगी वाजते. यातलं तुला काय कळणार? होतं तसं करून ठेव."

आम्ही बौद्ध झालो तेव्हाच वडिलांनी हलगी खाली ठेवली होती. माझी कानशिलं तापली. पण घरात कमावणारा मी एकटा, आणि ती जागा डोळ्यांपुढे. मी तेलाची कुपी काढली आणि चांगल्या चाकावर माझ्या हाताने थेंब सोडला. पियानो पुन्हा रडत वाजायला लागला. प्राचार्यांनी डोळे मिटले.

"हं. आता बरोबर."

महिन्याभरात जागा भरली. दुसऱ्याच कुणाला मिळाली. मालकांना निरोप आला, त्या उद्धट पोराला पुन्हा पाठवू नका.

खरं बोललो म्हणून नोकरी गेली, असं मी बरीच वर्षं सांगत आलो. ते अर्धंच आहे. खोटं करूनही ती मिळाली नव्हती. निदान चाक तरी कोरडं ठेवायला हवं होतं.