रुमालाखालची तीन बोटं

आमच्या मामांनी उभ्या आयुष्यात एकही आकडा मोठ्याने उच्चारलेला नाही. मामा म्हणजे माझ्या बायकोचे थोरले मामा. मूळचे साताऱ्याकडचे, पण सगळी हयात वाशीच्या मार्केटात हापूसची दलाली करण्यात गेली. तिथली जुनी रीत अशी, की घेणाऱ्याने आणि विकणाऱ्याने रुमालाखाली हात घालायचे आणि बोटं दाबून भाव ठरवायचा. शेजारच्या गाळ्याला सुगावा लागता कामा नये. मामांनी मार्केट सोडलं, रुमाल सोडला नाही. लेकीच्या लग्नाच्या बैठकीत व्याह्यांनी सहज विचारलं, "पंगत कितीची धरायची?" मामांनी भर दिवाणखान्यात रुमाल पसरून त्यांचा हात आत ओढला. व्याही बँकेतले, पापभीरू. त्यांना वाटलं, ही गावाकडची शपथ असणार. त्यांनी मामांची पाचही बोटं भक्तिभावाने आवळली आणि शंभराच्या जागी पाचशे पानं ठरून गेली. साखरपुड्यापर्यंत कुणाला पत्ता नाही!

अशा माणसाला आजार मिळाला, तोही आकड्यांचाच. रक्ताचा कर्करोग, पण सावकाश चालणारा. रोज एक गोळी घ्यायची आणि दर तीन महिन्यांनी रक्त तपासून बिघडलेल्या पेशींचा टक्का बघायचा. टक्का उतरला की आनंद. जन्मभर भाव चढावा म्हणून देव पाण्यात घालणाऱ्या माणसाने आता भाव पडला म्हणून पेढे वाटायचे! मामींबरोबर मीही दर वेळी सोबतीला. तेच दवाखान्याचे थंडगार बाक, तोच मशीनचा पांचट चहा, आणि डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट उघडला की मामांचा रुमाल टेबलावर. "मोठ्यानं नगं, बाई. बाहेर मार्केट ऐकतंय." बाई तरुण आणि सोशिक. त्या मुकाट्याने हात आत घालायच्या, बोटं दाबायच्या आणि मग टक्के, दशांश सगळं मला सांगायच्या. अशी वर्षं गेली. पहिल्या वर्षी गंमत वाटायची. पुढे पुढे आम्ही चौघेही नुसते बसून असायचो. मामा, मामी, मी आणि रुमाल.

मग एकदा टक्का चढला. पुढच्या खेपेलाही चढला. बाईंनी विचारलं, "काका, गोळी चुकवता का?" मामी उसळल्या, "चुकवतायत कसले! मी जेवण देते ती गोळी घेतली की नाही बघून." तेव्हा आणखी एक तपासणी झाली. तिच्या रिपोर्टावर वरतीच ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'जेनेटिक'. आणि खाली, जनुकात बदल सापडला.

त्या दिवसापासून मामा विचित्र वागू लागले. म्हणजे नेहमीपेक्षा वेगळ्या तऱ्हेने विचित्र. लेकीला सातवा महिना लागलेला, ती कोपरखैरण्यात हाकेच्या अंतरावर. पण हे तिच्याकडे जाईनात. डोहाळजेवणाचं काढलं की "बघू म्होरं." मामी रडकुंडीला आल्या. "जावईबापू, तुम्हीच विचारा यांना. माझ्यात आता ताकद नाही." मी विचारलं. मामा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "इचारायचं ते बाईंना इचारतो."

केबिनमध्ये रुमाल पसरला. बाईंनी सवयीने हात आत घातला. पण मामांनी त्यांचा हात उलटा केला आणि स्वतःची तीन बोटं त्यांच्या मुठीत दिली. आवाज इतका खाली, की मला पुढे वाकावं लागलं.

"ह्ये अंगठ्याशेजारचं माजं. मधलं माज्या पोरीचं. आन् करंगळी तिच्या पोटातल्या बाळाची. जेनेटिक म्हंजे खानदानी ना, बाई? कुठवर ग्येलंय, तेवडी बोटं दाबा."

बाईंनी मामांकडे एकदा पाहिलं, आणि रुमालाखाली काहीतरी हललं. मग त्या सावकाश म्हणाल्या, "एकच दाबलंय, काका. बाकीची दोन सोडलीत. कळलं का?"

मामांनी बोटं मुठीतून काढली नाहीत, तेव्हा बाईंनी विचारलं,

"आंबा पेटीत आल्यावर डागाळतो, त्यात कलमाचा दोष असतो का?"

"न्हाई."

"तसंच हे. हा बदल तुम्ही जन्माला येताना आणला नाही. तो फक्त या आजारी पेशींत, नंतर झालाय. तो लेकीकडे जात नाही, नातवाकडेही नाही."

मामांनी रुमाल उचलून तोंड पुसलं. पहिल्यांदाच रुमाल रुमालासारखा वापरला. "मग डोहाळजेवण रविवारीच धरू," म्हणत ते उठायलाच लागले.

"बसा खाली!" मामी म्हणाल्या. "आणि दाबलेल्या बोटाचं काय, बाई?"

जुनी गोळी आता लागू पडणार नव्हती, ते त्या बदलामुळेच. दुसरी सुरू करायची, ती चालते का बघायचं. किती चालेल, हे बाईंनाही ठाऊक नव्हतं. मामा मात्र दुसऱ्याच कुणाचा रिपोर्ट असल्यासारखे ऐकत होते.

रविवारी लेक हिरव्या साडीत, फुलांचे दागिने घालून बसली. बायकांनी पेढा-बर्फी झाकून ठेवली, तिने एक वाटी उघडली, हशा झाला. मामा कोपऱ्यातल्या खुर्चीत होते. नव्या गोळीने चेहरा उतरला होता. त्यांनी मला खुणेने बोलावलं आणि मांडीवर रुमाल पसरला. मी हात आत घातला. त्यांनी माझी सगळी बोटं एकदम धरली. मी वाट बघितली, दाबतील, सोडतील. काहीच नाही.

"हा कुठला भाव, मामा?"

"भाव न्हाई, जावईबापू," ते लेकीकडे बघत म्हणाले. "दमलोय. जरा असंच ऱ्हाऊ द्या."