ओढ्याच्या खालच्या अंगाला

आमच्या घरात माणसं पाच आणि अंथरूण एकच, खताची पोती उसवून शिवलेलं. बौद्धवाड्याच्या टोकाला कुडाची दोन दालनं होती, त्यातल्या एकात शेळ्या. वडलांना आम्ही आबा म्हणतो. दुसऱ्याच्या भातशेतात राबून त्यांनी आम्हाला शाळेत घातलं.

मी जन्मायच्या आधी गावातले जमीनवाले डोंगरात डुकराच्या शिकारीला जायचे. आबा हाकेवाल्यांत असायचे. म्हणजे आरडाओरडा करून रान उठवायचं आणि जनावर बंदूकवाल्यांच्या अंगावर घालायचं. मुक्काम पडला की बंदूकवाले ओढ्याच्या वरच्या अंगाला, पालाखाली, पेंढ्यावर झोपायचे. आमची माणसं खालच्या अंगाला उघड्यावर, कुत्र्यांजवळ. पाणी वरून खाली वाहतं ना, म्हणून. असं कुणी बोलून दाखवायचं नाही. लागायचंच नाही.

त्या शिकारी कधीच बंद झाल्या. मी बी.कॉम. झालो, घरातला पहिला. नवलाख उंबरे गावाच्या बाजूला एका कारखान्यात स्टोअरला लागलो. हे मी कुणालाही ताठ मानेनं सांगतो. पुढचं सांगताना मात्र अजून कान तापतात.

परवाच्या साली, भातं पोटरीत आली होती तेव्हा, कारखान्यातल्या आम्हा चौघांचं ठरलं की वडिवळ्याच्या धरणामागं डोंगरात खेकडे धरायला जायचं आणि तिथंच राहायचं. कारखान्यात त्याला सगळे शिकारच म्हणत होते. चौघांत आमचे साहेबही होते, पुण्याचे. त्यांनी लोणावळ्यातून दोन टेंट भाड्यानं आणले. रान ठाऊक असलेला माणूस पाहिजे होता. मी म्हणालो, "आमचे आबा आहेत की."

ऊन उतरताना पोचलो. आबांनी ओढ्याकाठी फिरून जागा पाहिली. "साहेब, तुमचा टेंट हितं टाका. सपाट हाय, मुंग्या न्हाईत, वारं डोंगर अडवतंय."

साहेब खूश. "आबा, तुम्हाला आमच्या प्लॅंटचा लेआउट करायला द्यायला पाहिजे होता!"

मी लाकडं गोळा करायला गेलो. परत येऊन बघतो तर आबांनी दुसरा टेंट पार खाली, ओढ्याच्या उतारावर दगडांत ठोकलेला. आत माझी एकट्याची बॅग. आणि दाराबाहेर त्यांनी स्वतःचं घोंगडं अंथरलेलं.

"काय रे, वेगळा बंगला?" पॅकिंगचा पोरगा वरून ओरडला. "बायकोला लपवून आणलीस काय?"

सगळे हसले. साहेब म्हणाले, "आबा, तिकडं कशाला? रात्री घरंगळाल!"

"आमी खालीच बरं, साहेब. तुमाला वरचं पानी चोख ऱ्हाईल."

साहेबांना काही कळलं नाही. ते चुलीसाठी दगड हुडकत राहिले. आमच्यातला चौथा, ज्याला मी भाऊ म्हणतो, तो शेजारगावच्या जमीनवाल्या घरातला. त्याला कळलं. त्याचं हसू थांबलं आणि तो उगाचच दोरीची गाठ सोडायला लागला. त्याला कळलेलं बघून मला आबांची लाज वाटली. त्यांच्याकडं बघवेना.

खाली जाऊन दबक्या आवाजात म्हणालो, "आबा, उचला ते घोंगडं. कुणी काही म्हणत नाही इथं."

"म्हनत न्हाईत तवर बरं हाय. तुझी नोकरी हाय त्यांच्यात. उगा कुनाच्या डोळ्यावर कशाला यायचं?"

मला वाटलं होतं, त्यांना जुनी सवय आहे. पण ते माझ्यासाठी घाबरत होते. माझ्या पदवीवर, माझ्या ओळखपत्रावर त्यांचा एवढाच भरवसा. आणि मी त्यांना मिरवायला आणलं होतं.

मी खुंट्या उपटायला लागलो.

"आरं, नगं!"

"साहेब," मी मोठ्यानं म्हणालो, "हा टेंट वर घेतोय. तुमच्याला लागून."

"घ्या की, विचारताय काय!"

भाऊ खाली आला. टेंटचं दुसरं टोक त्यानं धरलं. आबा घोंगडं छातीशी घेऊन तिथंच उभे. "लय शिकलायस तू," ते पुटपुटले.

"व्हय. तुमीच शिकिवलं. चला वर."

ते आले, पण सगळ्यांच्या मागून, चपला हातात घेऊन. त्या चपला बघून परत माझे कान तापले. जेवताना ते शेवटपर्यंत बाजूच्या दगडावर बसले. मी त्यांना तिथंच बसू दिलं. एका दिवसात किती ओढायचं त्यांना?

खेकडे बेताचेच मिळाले. आबा वरच्या अंगाला, टेंटच्या आत, भाऊच्या शेजारी झोपले.