कमी लाइट, कमी गरमी

ढाणकीच्या स्टँडवरून उमरखेडची बस पकडली, तेव्हा तांब्याच्या तारेने बोटांवर पडलेले वण मेंदीखालूनही दिसत होते. निकाह होऊन नवऱ्यासोबत पुण्याला निघाले होते. अम्मी रडत होती. भाईजान सुटकेस टपावर चढवत होता. मी रडले नाही. भाईजानचं एक वाक्य सोबत घेतलं आणि सत्तावीस वर्षं जपलं.

अब्बांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. दहावीला गणितात नापास झाले, म्हणून मी तिथे जळलेल्या मोटरींत नवी तार भरायला बसले. अब्बा म्हणायचे, "गिनती मत भूल, बाकी सब हो जाता." तारेचे फेरे मोजताना मी कधी चुकले नाही. पण फुलसावंगीच्या राठोडकाकांची मोटर मी भरून दिली आणि पंधरा दिवसांत ती जळून परत आली.

काका म्हणाले, "त्या दिवशी लाइट लय कमी होती. विहिरीवरचा बल्ब नुसता लाल दिसून राह्यला होता."

"मंग तर मोटरले आराम होता," भाईजान म्हणाला. "कमी लाइट, कमी गरमी. हे आमच्या शमीच्या हातचं वाइंडिंग आहे, म्हून जळलं."

दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती. घरात आम्ही हिंदी बोलतो. हे त्याने मुद्दाम मराठीत सांगितलं, सगळ्यांना कळावं म्हणून. दुसऱ्या दिवसापासून अब्बांनी मला दुकान बंद केलं आणि दोन महिन्यांत लग्न ठरलं.

पुण्यात भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये कॉइल वाइंडिंगलाच लागले. इथे फेरे मशीन मोजतं. घरी वाटाण्याची उसळ खोबरं घालून करते, शिफ्ट चुकली तर सुपरवायझरशी भांडते, आणि आता 'मले' म्हणत नाही. दहावी मधल्या काळात पास झाले होते. शेहेचाळिसाव्या वर्षी बारावी सायन्सला बाहेरून नाव घातलं. मैत्रिणींना वाटलं प्रमोशनसाठी. वाटू दिलं. मला ती जळलेली मोटर सोडवायची होती.

सुरुवात मुलीच्या सातवीच्या पुस्तकातल्या अपूर्णांकांपासून केली. क्ष दिसला की घाम फुटायचा. पुढे भौतिकशास्त्रात विजेचा धडा आला. ओहमचा नियम: रोध तोच असेल, तर व्होल्टेज, म्हणजे काकांची 'लाइट', कमी झालं की करंट कमी. म्हणजे भाईजान बरोबर होता. पुस्तक मिटलं आणि आठ दिवस उघडलं नाही.

शेवटी बारावीसाठी लावलेल्या क्लासच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "अहो, तो नियम विजेच्या शेगडीला लावा. पंपाच्या मोटरला व्होल्टेज कमी मिळालं तरी पाणी तेवढंच खेचायचं असतं. मग ती करंट जास्त घेते."

त्यांनी फळ्यावर गणित मांडलं. व्होल्टेज दोन तृतीयांश झालं, तर करंट साधारण दीडपट. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे सव्वादोनपट. हे गणित मी वहीत अकरा वेळा केलं. अकराही वेळा मोटर जळाली आणि माझं वाइंडिंग बरोबर निघालं.

भाचीच्या लग्नाला ढाणकीला गेले, ती वही घेऊनच. राठोडकाकांना निरोप धाडून दुकानात बोलावलं. अब्बा आता नाहीत. खडूने फरशीवर सगळं मांडलं. भाईजान एकेक ओळ बोटाने वाचत गेला आणि हळूच म्हणाला, "चल, मेरी गलती. अब छोड़ ना."

"मराठीत सांगा," मी म्हणाले. "तेव्हा मराठीत सांगितलं होतं."

गिऱ्हाइकं थांबली होती. भाईजानने मान वर केली नाही. "काका, शमीचं वाइंडिंग बरोबर होतं. लाइट कमी होती, म्हून जळलं."

"म्या तवाच म्हनलं होतं, बल्ब लाल होता," काका म्हणाले. "तुम्हाले कुठी आयकू येते."

निघण्याआधी तेच गणित ऑइल पेंटने दुकानाच्या भिंतीवर लिहिलं, खाली माझं नाव. भाची सांगते, ते अजून तिथेच आहे. जळलेली मोटर घेऊन आलेला माणूस हमखास विचारतो, हे काय आहे? भाईजानला समजावून सांगावं लागतं, दर वेळी, मराठीत.

ढाणकीला आता माझी खोली नाही. मला नकोही आहे. तेवढी भिंत पुरे.